हिरवळीला मत, वालाला दंड



शेतकऱ्यांच्या प्रश्नावर आपल्या मेळाव्यांत बोलणारे खंडीभर आहेत. कपाशीच्या सहा-आठ तासांमागे येणारे तुरीचे तास कसे मागे पडले, ज्वारीच्या जागी सोयाबीन कसं पसरलं, एकाच पिकावर घर टांगलं की एका बोंडअळीने कसं कोसळतं, हे सगळं स्लाइड्ससकट ऐकवलं जातं. आणि हीच मंडळी होमओनर्स असोसिएशनच्या बैठकीत 'पुढच्या अंगणात भाजीपाला नको' या नियमासाठी हात वर करतात! गेल्या वर्षी आमच्या वसाहतीत हे घडलं. वर गेलेल्या हातांत मराठी हात कमी नव्हते. कारण एकच: रीसेल व्हॅल्यू.

मला हे थट्टेवारी नेता येत नाही. हिरवळ म्हणजे काय? एकपीकच, आणि तेही न खाता येणारं. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून २००५ साली झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या हिरवळीचं क्षेत्र सुमारे १,६३,८०० चौरस किलोमीटर निघालं. म्हणजे निम्म्याहून जास्त महाराष्ट्र! पाणी देऊन वाढवलेल्या इथल्या कुठल्याही एका पिकाच्या जवळजवळ तिप्पट. विदर्भातल्या शेतकऱ्याने मिश्र पीक घ्यावं, जोखीम वाटून घ्यावी, आणि आपण मात्र खत घालून गवत वाढवावं, मग पैसे देऊन कापून घ्यावं.

आम्ही राहतो तो जिनेसी नदीचा परिसर सेनेका लोकांचा. ते हौडेनोशोनी संघातले. मका, घेवडा आणि भोपळा या तिघी बहिणी त्यांच्या बायका एकाच मातीच्या उंचवट्यावर लावत. आधी मका. तो वीत-दीड वीत वर आला की घेवडा, म्हणजे वेलाला चढायला धांडा तयार. भोपळ्याची रुंद पानं जमीन झाकतात, ओल टिकते, तण दबतं. घेवड्याच्या मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र बांधला जातो. (त्यातला बराचसा घेवडा स्वतःच वापरतो. मक्याला फायदा मिळतो तो मुख्यतः पालापाचोळा आणि मुळं कुजल्यावर, पुढच्या हंगामात. 'एकमेकींना खाऊ घालतात' हे वाक्य व्हॉट्सॲपवर ढकलण्याआधी एवढं ध्यानात ठेवावं.) ताटातही तेच. मक्यात लायसीन कमी, ते घेवडा भरून काढतो. कॉर्नेल विद्यापीठाच्या जेन माउंट प्लेझंट यांनी २०१६ साली हिशोब मांडला: तेवढ्याच जमिनीत ही तीन पिकं वेगवेगळी घेण्यापेक्षा एकत्र घेतली तर उष्मांकही जास्त मिळतात आणि प्रथिनंही.

मग ही शेती गेली कुठे? १७७९ साली जॉर्ज वॉशिंग्टनच्या हुकमावरून जनरल सुलिव्हनच्या सैन्याने याच खोऱ्यापर्यंत येऊन चाळीसएक गावं जाळली, उभी पिकं आणि फळबागा तोडल्या. लोकांना उपाशी मारण्यासाठी आधी त्यांचं शेत मारलं. त्या जमिनीवर आज आपली गराजं उभी आहेत, आणि तिथे मका 'शोभत नाही' असं ठरवणारे आपण!

"मागच्या अंगणात लावा ना, कोण अडवतंय?" हा प्रश्न मला तीनदा ऐकवला गेला. ज्याचं घर दक्षिणाभिमुख, त्याचं ऊन पुढे पडतं. मागे घराची सावली. सूर्याला कमिटीचे नियम पाठ नसतात.

दुसरा आक्षेप जास्त गोड: "हे सगळं आपल्या पूर्वजांना माहीत होतंच की!" होतं. पण पाभरीमागे सरता धरून तुरीचं बी सोडणारे हात बहुतेक बायकांचे आणि मजुरांचे होते. त्या हातांना ना जमीन मिळाली, ना श्रेय. तेव्हा 'आपल्या' हा शब्द जरा जपून वापरावा.

फ्लोरिडात एका दांपत्याला सतरा वर्षं राखलेला पुढचा भाजीपाला २०१३ साली दंडाच्या धाकाने उपटावा लागला. ते लढले, आणि २०१९ मध्ये राज्याने गावांचा असा बंदीचा अधिकार काढून घेतला. पण असोसिएशनांना तो कायदा लागू नाही. म्हणजे इथे न्यायालय नाही, सरकार नाही, आपणच. नियम बदलायला किती मतं लागतात ते तुमच्या घराच्या कागदपत्रांत छापलेलं आहे. आमच्याकडे नऊ कमी पडताहेत, आणि त्यातले निदान सहा जण हे पत्र वाचताहेत.