शासन आवरण्याचा अर्ज

शासनाने आपल्यासाठी अमुक करावे, असे निवेदन लिहिण्यात आम्ही शिक्षक आणि कर्मचारी कोणाला हार जाणार नाही. जुन्या निवृत्तिवेतनासाठी १४ मार्च २०२३ पासून आठवडाभर राज्यभर संप झाला आणि शासनाला त्याची दखल घ्यावी लागली. त्या मागणीच्या युक्तायुक्ततेत येथे शिरावयाचे नाही. प्रस्तुत लेखकाचा पगारही त्याच तिजोरीतून होतो. परंतु शासनाने अमुक करू नये, तमुक परवान्याची अट काढून टाकावी, अशा मागणीचे निवेदन कोणी आमदाराच्या हाती ठेवल्याचे किती जणांना आठवते?

याचे कारण अर्थशास्त्रात जुनेच आहे. मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ साली ते सविस्तर मांडले. ज्या निर्बंधाचा लाभ मूठभरांना भरघोस मिळतो आणि ज्याचा भार लाखोंवर थोडाथोडा पडतो, तो निर्बंध टिकून राहतो. मूठभर मुंबईला खेपा घालतात; लाखोंपैकी प्रत्येकाला एस. टी.चे भाडेही परवडणारे वाटत नाही.

आपल्या जिल्ह्यातील उदाहरण साखरेचे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा केला, तेव्हा तो शेतकऱ्याला व्यापाऱ्याच्या कचाट्यातून सोडविण्यासाठी. पुढे मात्र नवा कारखाना कोठे निघावा हे सरकारी आदेश ठरवू लागले. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा. त्यात २००६ साली दोन कारखान्यांमध्ये किमान १५ किलोमीटर हवाई अंतराची अट आली आणि महाराष्ट्राने ती २५ किलोमीटरवर नेली. डॉ. रंगराजन समितीने २०१२ मध्ये ही अट काढून टाकण्याची शिफारस केली. त्याच समितीच्या शिफारशीवरून २०१३ मध्ये लेव्ही साखरेची सक्ती उठली. अंतराची अट तेवढी राहिली. उसाची पळवापळवी होऊन चालू कारखाने बंद पडतील, हा कारखानदारांचा आक्षेप अगदीच पोकळ नाही. अवर्षणाच्या साली गाळपाला ऊस पुरत नाही हे खरेच. तरीही स्पर्धेची झळ कारखान्याला लागू नये म्हणून उसाच्या दराची झळ शेतकऱ्याने सोसावी, हा न्याय मला पटत नाही. नेवाशाच्या किंवा कोपरगावच्या ज्या शिक्षकाचे वडील ऊस लावतात, त्याला हे अधिक सांगावयास नको.

मग करावयाचे काय? मोर्चाची गरज नाही. माध्यमिक वा त्यावरील वर्गांना शिकविणाऱ्या शिक्षकाला विधानसभेच्या आमदाराखेरीज विधान परिषदेत नाशिक विभाग शिक्षक मतदारसंघाचा एक आणि पदवीधर मतदारसंघाचा एक, असे आणखी दोन प्रतिनिधी असतात. पदवीधर कारकुनाला त्यांपैकी एक. या प्रतिनिधींना आपण आजवर अनुदान आणि वेतनश्रेणी यांवाचून दुसरे काही विचारलेले नाही. त्यांनी तरी दुसरे का बोलावे? एका पत्रात एकच मागणी असावी, आदेशाचे नाव व कलम स्पष्ट लिहावे, आणि या विषयावर तारांकित प्रश्न विचाराल काय, एवढेच विचारावे. “नोकरशाही कमी करा” या घोषणेला कोणताही आमदार मान डोलावतो आणि विसरतो. कलमाचा आकडा लिहिला की त्याला उत्तर द्यावे लागते. उत्तर आले नाही तर विधिमंडळाची विनंती अर्ज समिती आहे. अट कशाच्या आधारे घातली, हे माहितीच्या अधिकारात मागता येते. तो कायदा राज्यात येण्यामागे आपल्याच पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांचे उपोषण होते, हे येथे कोणाला ठाऊक नाही?

एक व्यवहाराची अडचण मात्र आहे. या दोन मतदारसंघांच्या याद्या प्रत्येक निवडणुकीपूर्वी नव्याने तयार होतात; मागच्या यादीत नाव होते, एवढ्याने भागत नाही. पदवीधरांसाठी नमुना १८ आणि शिक्षकांसाठी नमुना १९ भरावा लागतो. पदवीला, अथवा शिक्षकाच्या बाबतीत मागील सहा वर्षांतील अध्यापनाला, तीन वर्षे झाली की नाहीत हे १ नोव्हेंबर या तारखेवरून मोजतात. विद्यार्थ्यांनी तोवर विधानसभेच्या आमदाराला लिहावे.