थरावर थर : लाकडातील खोलीची कला

कणकवलीत मृगाचा पाऊस स्थिरावला की प्लायवूडच्या दुकानांतील वर्दळ ओसरते. घरबांधणीची कामे थांबतात, सुतारांपैकी निम्मे आपापल्या गावी लावणीला जातात आणि दुकानाच्या मागील बाजूस भिंतीला टेकून ठेवलेला तुकड्यांचा ढीग तेवढा उरतो. कोणता तुकडा वीतभर, कोणता हातभर; कोणी कपाटाचे माप कापून घेतलेले, कोणी कोपरा मोडला म्हणून नाकारलेला. हा ढीग बहुधा न्हाणीघराच्या बंबात जातो. तसा तो जाऊ नये, कारण प्लायवूडमध्ये लाकडाबरोबर राळही जळते आणि तिचा धूर घरातील माणसांच्या छातीत उतरतो. याच तुकड्यांतून एक देखणी कला उभी राहते. तिच्यासाठी लाकूडही नव्याने तोडावे लागत नाही.

ती कला म्हणजे थरांची लाकूडकला. एका जाड फळीत कोरून खोली निर्माण करणे हे कोरीवकाम. त्याला वर्षानुवर्षांचा हात लागतो. थरांच्या कामात उलट रीत असते. तीन किंवा चार मिलिमीटरच्या पातळ फळ्या वेगवेगळ्या आकारांत कापायच्या आणि एकावर एक बसवायच्या. सात थर चार मिलिमीटरचे घेतले तर अठ्ठावीस मिलिमीटर, म्हणजे इंचाहून थोडी अधिक जाडी होते. तेवढ्या जाडीत समुद्र, तट, होड्या आणि पुढचा माड सहज मावतो. मालवणचा सिंधुदुर्ग हा अशा चित्रासाठी उत्तम विषय आहे. १६६४ ते १६६७ या काळात कुरटे बेटावर उभारलेल्या या किल्ल्याचा नागमोडी तट कापताना करवतीला वळण घ्यावे लागते आणि प्रत्येक बुरुजाची सावली मागच्या थरावर पडते. खोलीचा भास मुख्यतः या सावलीचाच असतो, रंगाचा भाग दुय्यम. म्हणून जाणते कारागीर मागचे थर फिकट ठेवतात, पुढचे गडद करतात आणि बाकीचे काम खिडकीतून येणाऱ्या उजेडावर सोडतात.

जैन घरांना ही कल्पना परकी वाटू नये. समवसरणाची रचना मूलतः थरांचीच आहे : तीन गड, एकाहून एक आत व उंच, आणि मध्यावर पीठ. लाकडात समवसरण करायचे तर मोठ्यातून लहानाकडे जाणारी तीन वर्तुळे कापावी लागतात. पहिल्या वर्तुळाच्या पोटातून निघालेली चकती दुसऱ्या गडाला आणि दुसऱ्याच्या पोटातील चकती तिसऱ्याला वापरली तर एकाच फळीत जवळजवळ सर्व काम भागते. काटकसरीने व्यापार करणाऱ्या घरातील मुलाला हे गणित सांगावेही लागणार नाही.

लाकडात देवालय घडवण्याची परंपरा तर याहून कितीतरी जुनी आहे. गुजरातेतील पाटण येथील वाडी पार्श्वनाथ मंदिर सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधले गेले. त्याचा सागवानी घुमट आणि सज्जे आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. अजमेरच्या सोनीजींच्या नसियांतील सुवर्णनगरीही प्रसिद्ध आहे. तेथे लाकडी आकृतींवर सोन्याचा मुलामा चढवला आहे. एवढ्या मोठ्या वैभवाशी स्पर्धा करण्याचे कारण नाही. परंतु हातात करवत घेतलेल्या मुलाने या वस्तूंची छायाचित्रे एकदा नीट पाहावीत.

आता साहित्याकडे वळावे. लाकूड आणि करवत यांच्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, या कामात ज्याला महत्त्व आहे ते डिंकाला. जुना सुतार सरस वापरीत असे. सरस म्हणजे जनावरांची कातडी व हाडे उकळून काढलेला चिकट पदार्थ. तो तापवून गरम असतानाच लावावा लागे आणि त्याचा वास घरभर पसरे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्लायवूड जोडण्यासाठी दुधातील केसीन आणि कत्तलखान्यातून मिळणाऱ्या रक्तातील अल्ब्युमिन हेही वापरले गेले. ज्या घरात मध वर्ज्य, त्या घराच्या दारांत, पाटांत आणि देव्हाऱ्यांतही हा सरस नकळत असे. याची चर्चा फारशी झालेली आढळत नाही, आणि ते नवलही नाही; फळीच्या सांध्यात काय आहे हे कोण विचारतो?

चित्र पालटले ते १९५९ च्या सुमारास. सौराष्ट्रातील महुवा हे गाव जैन वाचकांना वीरचंद राघवजी गांधी यांचे जन्मगाव म्हणून ठाऊक असते. त्याच गावचे बळवंतराय पारेख मुंबईत कायदा शिकले, पण वकिलीकडे वळले नाहीत. उमेदवारीच्या दिवसांत ते एका लाकूड व्यापाऱ्याच्या पेढीवर शिपाई होते आणि वखारीतच राहत असत. सुतारांना सरस तापवताना होणारा त्रास अशा ठिकाणी रोज दिसणारच. पुढे त्यांनी फेव्हिकॉल बाजारात आणले. हा पांढरा डिंक पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचा असतो. तो तापवावा लागत नाही, पाण्यात मिसळतो आणि त्यात प्राण्याचा अंश नसतो. पारेखांनी तो सुताराची सोय म्हणून आणला. अहिंसेचा लाभ त्यासोबत आपोआप आला, आणि तोही असा, की देशातील बहुतेक सुतारांनी तो कोणत्याही उपदेशावाचून स्वीकारला.

डिंकाचा प्रश्न असा सुटला, तरी चकाकीचा प्रश्न उरतोच. लाकडाला चढवले जाणारे जुने पॉलिश चपड्याचे, आणि चपडा म्हणजे लाख. ती कीटकांच्या वसाहतींपासून मिळते. कणकवलीहून पन्नासेक किलोमीटरवर सावंतवाडी आहे. तेथील चितार आळीतील लाकडी फळे व खेळणी आणि राजवाड्यातील गंजिफा यांची कीर्ती सर्वदूर आहे. त्या कलेच्या इतिहासात लाखकामाचा वाटा मोठा होता आणि राणी सत्वशीलादेवी भोसले व शिवरामराजे भोसले यांनी गंजिफेला पुन्हा उभारी दिली नसती तर ती कला बहुधा लोपली असती. सिंधुदुर्गातील कोणीही या परंपरेकडे आदरानेच पाहील. तरीही उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाच्या निमित्ताने जे पंधरा कर्मादान सांगितले आहेत, त्यांत लाक्षावाणिज्य आहे आणि वनकर्मही आहे. लाकूड, प्लायवूड किंवा हार्डवेअर विकणाऱ्या कुटुंबासाठी ही यादी केवळ पाठांतराची राहत नाही. ती रोजच्या बिलबुकाशी भिडते.

यावर घराघरांत वेगवेगळी उत्तरे निघतात. कोणी म्हणतो, प्लायवूड आता बहुतांशी शेतात लावलेल्या झाडांचे असते, नैसर्गिक जंगलाचे नव्हे. कोणी म्हणतो, व्यापार चालू राहो, पण घरातील छंदासाठी तरी नवी फळी कापू नये. दुसऱ्या म्हणण्यात अधिक प्रामाणिकपणा आहे असे वाटते, कारण ते लगेच पाळता येते. तुकड्यांच्या ढिगातून करायची ही कला त्या नियमात चोख बसते. पॉलिशच्या जागी पाण्यावर आधारित पारदर्शक रंग चालतो. त्याची चमक चपड्याच्या पॉलिशपेक्षा थोडी कोरडी दिसते, हे मान्य करावे.

या कलेला अलीकडे जी मागणी आली आहे तिचे एक कारण सरकारी आहे. २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्रात प्लास्टिक व थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना निघाली आणि गणपतीची थर्माकोलची मखरे अडचणीत आली. कोकणात गणेशमूर्तीच्या डोक्यावर फळाफुलांची माटवी बांधली जाते. तिच्या पाठीमागे आता थरांची घडीची लाकडी मखरे दिसू लागली आहेत. एक मखर अनेक वर्षे टिकते, ही त्यातील जमेची बाजू.

परंतु बहुतेक मखरे हाताने कापलेली नसतात. लेझर यंत्र तासाभरात जे कापते ते करवतीला आठवडाभर पुरते. यंत्राचा छेद केसासारखा बारीक असतो आणि कडा तपकिरी जळते. पुष्कळांना तीच शोभा वाटते. यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. मात्र बाजारात दोन्हींचा भाव एकच लागतो आणि तेथे हाताचा कारागीर हरतो. हातकाम विकताना दुकानदाराने ते हातकाम असल्याचे सांगणे, आणि यंत्रावर कापलेल्या वस्तूला हातकाम न म्हणणे, एवढे सत्यव्रत गल्ल्यावरही पाळता येते.

मुलांच्या हातात हे काम देताना एका गोष्टीची हयगय नको. लाकडाचा भुसा आणि फॉर्मल्डिहाइड या दोहोंची गणना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक म्हणून केली आहे. एमडीएफचा भुसा पिठासारखा बारीक असतो आणि त्यात राळही असते. घासकाम अंगणात किंवा पडवीत, नाकातोंडाला चांगला मास्क लावून करावे. मुखवस्त्रिका परिचयाची असलेल्या घरांत हे जड जाऊ नये. भुसा झाडण्याआधी जमिनीवर थोडे पाणी शिंपडावे.

राहिला कोकणचा पाऊस. एमडीएफ स्वस्त आणि कापायला सोपे, पण एकदा कडेने पाणी पिऊन फुगले की पूर्वस्थितीला येत नाही. साध्या प्लायवूडला आयएस ३०३ आणि पाण्यात टिकणाऱ्याला आयएस ७१० हे मानक असते. कणकवलीच्या भिंतींना ओल येते हे ध्यानात घेता तुकडे निवडताना दुसऱ्या प्रकारचे वेगळे काढावेत. प्लायवूडमधील पातळ पापुद्रे विषम संख्येत, तीन किंवा पाच, आणि आलटून पालटून उभे-आडवे जोडलेले असतात म्हणून ते वाकत नाही. फक्त दर्शनी बाजू रंगवून मागची कोरी ठेवली तर हा तोल बिघडतो आणि श्रावणात चित्र धनुष्यासारखे वळते. म्हणून दोन्ही बाजू आणि सर्व कडा रंगाने बंद कराव्यात. मागे बुरशी धरली तर ती पुसून काढण्यात जी विराधना होते तीही त्यामुळे टळते. चित्र भिंतीला चिकटवू नये. मागे दोन पट्ट्या लावून बोटभर हवा खेळती ठेवावी.

उन्हाळ्यात डिंक एका रात्रीत घट्ट होतो. आषाढात तेच थर दोन दिवस वजनाखाली ठेवावे लागतात. शिकंजा नसेल तर धान्याच्या दुकानातील पाच किलोची दोन जुनी लोखंडी वजने पुरतात. इलेक्ट्रॉनिक काटे आल्यापासून ती बहुतेक घरांत माळ्यावर पडूनच आहेत.