पगार सरकारचा, दुकान घरचें

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यांत सकाळीं जी रांग लागते तींत कोण उभें असतें हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. रोज बुडवून आलेली मजूरबाई, फडावरून परतलेला ऊसतोड्या, डोळ्यांत ठिणगी गेलेला लोहार, दिवस भरलेली सून आणि तिच्या पाठीशीं सासू. ह्या रांगेला मिळणारें उत्तर ठरलेलें आहे. 'यंत्र बंद आहे.' 'भूल देणारे आज नाहींत.' 'ऑपरेशनला महिनाभर नंबर लागणार नाहीं.' आणि कागद परत देतांना हळूच, 'घाई असेल तर संध्याकाळीं तिकडे या.' तिकडे म्हणजे कोठें? स्टँडामागें, जेथें पाटीवर डॉक्टरीणबाईंचें नांव आहे आणि आंत खुर्चीवर सकाळचेच डॉक्टरसाहेब बसले आहेत तेथें!

प्रत्येक सरकारी डॉक्टर असा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. आडगांवच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत एकट्यानें रात्र काढून अडलेली बाई सोडवणारे, साप चावलेल्या पोराच्या उशाशीं पहाटेपर्यंत बसणारे डॉक्टर आम्हांस ठाऊक आहेत. त्यांच्यावरच तर हा अन्याय आधीं होतो. जो इमानानें राबतो त्याच्या अंगावर दुसऱ्याचें काम पडतें, आणि लोकांच्या शिव्या मात्र दोघांना सारख्याच.

आतां नियम काय सांगतो तें पहा. सरकारी डॉक्टरानें बाहेर धंदा करूं नये म्हणून त्यास पगारावर वेगळी रक्कम मिळते. तिचें नांव व्यवसायरोध भत्ता. मध्यवर्ती सरकारच्या डॉक्टरांस २०१७ सालापासून हा भत्ता मूळ पगाराच्या २० टक्के आहे. म्हणजे मूळ पगार एक लाख असेल तर वीस हजार रुपये महिना, केवळ दुकान न मांडण्याबद्दल! आमच्या महाराष्ट्रांतहि हा भत्ता देऊन खाजगी धंदा बंद ठेवण्याची रीत आहे. जो भत्ताहि घेतो आणि दुकानहि चालवतो तो एकाच मालाचे दोनदां पैसे घेतो. बाजारांत कोणी असें केलें तर आपण त्यास काय म्हणतों?

ही गोष्ट आज कोणाच्या ध्यानांत आली असें नाहीं. नाशिकास जन्मलेले सर जोसेफ भोर ह्यांच्या अध्यक्षतेखालीं १९४३ सालीं जी आरोग्य समिती नेमली, तिनें १९४६ च्या अहवालांतच सांगून ठेविलें कीं पूर्ण वेळ पगारी डॉक्टरांस खाजगी धंद्याची मनाई असावी. त्यास आतां पाऊणशें वर्षांहून अधिक काळ लोटला. केरळांत २००९ सालीं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉक्टरांचा खाजगी धंदा बंद केला, पण इतर सरकारी डॉक्टरांस कामाच्या वेळेबाहेर राहत्या घरीं रोगी तपासण्याची मुभा ठेविली. दार अर्धें लावलें, अर्धें उघडें राहिलें.

डॉक्टरमंडळी आणि त्यांचे कैवारी म्हणतात, 'कामाचे तास भरल्यावर माणूस आपल्या वेळेचा धनी नाहीं काय?' शेतकऱ्यानें ह्याचें उत्तर आपल्या सालगड्यावरून द्यावें. सालगडी रात्रीं भजनाला गेला, जत्रेला गेला, तर कोणी विचारीत नाहीं. पण त्यानें शेजारचें रान खंडानें घेतलें, आणि पेरणीच्या दिवशीं आपल्या मालकाचा बैल लंगडतो असें सांगूं लागला, तर? प्रश्न तासांचा नाहीं, हितसंबंधाचा आहे. गांवचें बलुतें घेणाऱ्या सुतारानें नांगर मुद्दाम ढिला ठोकला आणि 'घट्ट हवा असेल तर रोख पैसे घेऊन घरीं या' असें म्हटलें, तर गांवानें तें किती दिवस चालूं दिलें असतें?

सरकारी दवाखाना चांगला चालला कीं ज्याचें दुकान बसतें, त्याच्याच हातीं त्या दवाखान्याच्या किल्ल्या दिल्या, तर दुसरें काय होणार? यंत्र दुरुस्त करवून घेण्याची त्याला घाई नसते. रांग जितकी लांब तितका संध्याकाळचा धंदा बरा. ज्याच्या पिशवींत पैसे आहेत तो रोगी तिकडे जातो. ज्याच्यापाशीं नाहींत तो शिकाऊ पोरांच्या हवालीं होतो. आणि खाजगींत केलेलें ऑपरेशन बिघडलें, पैसे संपले, कीं तोच रोगी गाडींत घालून जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यांत! नफा घरीं, नुकसान सरकारजमा. ह्यासाठीं डॉक्टर मनानें दुष्ट असावा लागत नाहीं. बरा माणूसहि ह्या खुर्चीवर बसला कीं वर्षा-दोन वर्षांत त्याची नजर फिरते. म्हणूनच तर नियम हवा.

सरकारी दार बंद झालें कीं गरिबाचें काय होतें ह्याचा दाखला कोर्टाच्या दप्तरांत आहे. १९९२ च्या जुलैंत बंगाल्यांतील एक शेतमजूर आगगाडींतून पडून डोक्याला मार बसला. कलकत्त्याच्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनीं जागा नाहीं, सोय नाहीं म्हणून त्यास परत पाठविलें. अखेर खाजगी रुग्णालयांत सुमारें १७,००० रुपये भरावे लागले. सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं त्यास २५,००० रुपये भरपाई देवविली, आणि पैसा नाहीं ही सबब सांगून सरकारास आपलें कर्तव्य टाळतां येणार नाहीं असें बजावलें. तो खटला डॉक्टरांच्या खाजगी धंद्याचा नव्हता, हें खरें. पण जेथें दार मुद्दाम अर्धें लावून ठेवलें जातें तेथेंहि शेतमजुराची वाट तीच. फरक इतकाच कीं तेथें कोर्टांत दाखवण्याजोगा कागद मिळत नाहीं. म्हैस विकलेली असते, त्याची कोण पावती देतो?

दुसरी सबब अशी कीं बंदी घातली तर चांगले डॉक्टर नोकरी सोडून जातील. ह्यांत थोडें तथ्य आहे. पगार वेळेवर नाहीं, राहण्याचें घर गळतें, कंत्राटावर वर्षानुवर्षें लोंबकळत ठेवायचें, चौघांचें काम एकाकडून घ्यायचें, आणि वर नीतीचे पाठ द्यायचे, हा सरकारचा दुटप्पीपणा आम्हांस मान्य नाहीं. डॉक्टरास पुरता पगार द्या, भत्ता द्या, रिकाम्या जागा भरा. ह्यासाठीं आमच्या कराचा पैसा जाईल तर आम्ही कुरकुर करणार नाहीं. पण तें दिल्यावर दुकानाला कुलूप हवें. ज्यास दुकानच हवें त्यानें खुशाल नोकरी सोडावी आणि स्वतःच्या नांवाची पाटी लावावी. त्याच्याशीं आमचें भांडण नाहीं.

सरकारनेंच डोळेझांक चालविली आहे हें आमचें मुख्य गाऱ्हाणें आहे. डॉक्टरांच्या आचारसंहितेंत २००२ सालापासून लिहिलेलें आहे कीं डॉक्टराचा पैशाचा स्वार्थ रोग्याच्या हिताच्या आड येऊं नये, आणि रोगी धाडण्याबद्दल दलाली घेऊं वा देऊं नये. तालुक्यांत कोणाचें दुकान कोठें आहे हें रिक्षावाल्यास ठाऊक असतें, औषधवाल्यास ठाऊक असतें. फक्त वरिष्ठांस ठाऊक नसतें! तक्रार करावी तर ती करणारी बाई उद्यां पुन्हां त्याच रांगेंत उभी राहणार. तिनें कोणत्या धीरानें बोलावें?

म्हणून एकट्या बाईवर हें टाकूं नका. गांवच्या चार शिकल्या पोरांनीं माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यान्वयें दहा रुपयांचा अर्ज जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कचेरींत द्यावा. आपल्या दवाखान्यांत व्यवसायरोध भत्ता कोणकोणत्या पदांस मिळतो, यंत्र किती दिवस बंद आहे, दुरुस्तीसाठीं कधीं लिहिलें, एवढेंच विचारावें. उत्तरास तीस दिवसांची मुदत आहे. तें उत्तर ग्रामसभेंत मोठ्यानें वाचावें, आणि दवाखान्याच्या रुग्ण कल्याण समितीकडे ठरावानिशीं मागणी करावी कीं हजर डॉक्टरांचीं नांवें, त्यांच्या वेळा आणि 'येथील डॉक्टरांस खाजगी धंद्याची मनाई आहे' हें वाक्य दारावर ठळक अक्षरांत लावावें. पाटी रंगवायला सरकारपाशीं पैसे नसतील, तर आमच्या गांवांत रंगारी आहेत.