बारा व्होल्टचे सहा करणारा रोध

अमेरिकेत जुने ट्रक जपणाऱ्या हौशी मंडळींपुढे एक अडचण हमखास उभी राहते. फोर्डचे 1955 पर्यंतचे आणि शेव्हरोलेचे 1955 च्या सुरुवातीपर्यंतचे ट्रक 6 व्होल्टच्या बॅटरीवर चालत. आज बॅटरी, दिवे सहज मिळतात ते 12 व्होल्टचे. म्हणून सारी गाडीच 12 व्होल्टवर आणली जाते. पण चालकासमोरची इंधनाची, तापमानाची मूळची मापके काढून टाकायला मन होत नाही. मग कोणीतरी सल्ला देतो, “मध्ये एक रोध घाला, 12 चे 6 होतील.”

विद्यार्थिमित्रहो, या सल्ल्याला माझी हरकत आहे. 12 चे 6 करणारा रोध असा काही रोधच नसतो! रोधावर किती व्होल्ट खर्ची पडतील हे त्यातून वाहणाऱ्या प्रवाहावर ठरते. प्रवाह बदलला की तेही बदलतात. ओहमचा नियम तोंडपाठ असणारेही हे विसरतात, कारण परीक्षेतल्या गणितात प्रवाह बहुधा एकच दिलेला असतो.

समजा, इंधनमापक द्विधातुक पट्टीचे आहे. पट्टीभोवती गुंडाळलेली तार प्रवाहाने तापते, पट्टी वाकते आणि काटा सरकतो. टाकीतला तरंगता गोळा वरखाली झाला की परिपथाचा रोध बदलतो. आकडेमोडीसाठी एकूण रोध टाकी भरलेली असताना 20 ओहम आणि रिकामी असताना 80 ओहम धरू. 6 व्होल्टवर प्रवाह अनुक्रमे 0.3 आणि 0.075 अँपियर येईल. आता 12 व्होल्टची बॅटरी लावा आणि 20 ओहमचा जादा रोध घाला. टाकी भरलेली असेल तर 12 भागिले 40, म्हणजे 0.3 अँपियर. अगदी बरोबर! पण टाकी रिकामी असेल तर? 12 भागिले 100, म्हणजे 0.12 अँपियर. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून पट्टी हवी त्याच्या अडीचपट तापेल. टाकी कोरडी ठणठणीत असताना काटा ती सुमारे एक दशांश भरलेली दाखवील. पंपावर टाकी भरून, काटा पाहून निघालेला चालक खूष. तो फसेल शेवटच्या काही मैलांत. त्यापेक्षा मापक नसलेले बरे, निदान तो टाकीत काठी बुडवून तरी पाहील.

फोर्डने 1956 मध्ये आपले ट्रक 12 व्होल्टवर आणले, तेव्हा मापकांसाठी एक छोटा नियंत्रक बसवला. त्यातही द्विधातुक पट्टीच होती. ती तापली की परिपथ तोडी, निवली की जोडी. सरासरी दाब 5 व्होल्टच्या आसपास राही. मापकातली पट्टी मंद, तिला ही उघडझाप जाणवतच नसे. आज स्थिर 6 व्होल्ट देणारी 7806 ही आयसी तसे काम करू शकते.

शेव्हरोलेच्या जुन्या इंधनमापकाची गोष्ट वेगळी. त्यात दोन वेटोळी असतात आणि काटा त्यांतल्या प्रवाहांच्या गुणोत्तरावर स्थिरावतो. दाब दुप्पट झाला तर दोन्ही प्रवाह दुप्पट होतात, काटा जागचा हलत नाही. मात्र उष्णता चौपट होते आणि वेटोळी जळण्याची भीती असते. येथे तोच साधा रोध चालतो, कारण त्याने गुणोत्तर बिघडत नाही. अँमीटर तर प्रवाहच मोजतो, त्याला काहीच नको. 30 वॅटचा दिवा 5 ऐवजी 2.5 अँपियर घेईल, एवढेच. (जुन्या फोर्डमध्ये बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. ते बदलून ऋण टोक जोडले, तर अँमीटरचा काटा उलटा जाईल. तारांची अदलाबदल करावी.)

तेव्हा “किती ओहमचा रोध?” हे विचारण्याआधी “हा काटा मोजतो काय?” हे विचारायला हवे. आपण वर्गात पहिलाच प्रश्न शिकवतो.

शिक्षकांनी एवढे करून पाहावे. 12 व्होल्टची बॅटरी, 6 व्होल्ट 3 वॅटचा दिवा आणि 12 ओहमचा, 10 वॅट सोसणारा रोध एकसरीत जोडा. दिवा नीट पेटेल. (रोधाला हात लावू नका, तो चांगलाच तापतो.) मग तसाच दुसरा दिवा पहिल्याला समांतर जोडा. दोन्ही मंदावतील. व्होल्टमीटर लावण्याआधी मुलांना विचारा, आता दिव्यांवर किती व्होल्ट आहेत? गणिताने उत्तर 4 येईल. मीटर त्याहूनही कमी दाखवील. का, ते त्यांनाच शोधू द्या.