जागा मोकळी करणारी फ्लॉपी

माळ्यावरचा जुना संगणक खाली उतरतो. धूळ पुसली जाते, काळ्या पडद्यावर अक्षरे उमटतात आणि वडील आपल्या बालपणीचा खेळ मुलांना दाखवण्यासाठी सरसावतात. परंतु खेळाऐवजी पडद्यावर संदेश येतो : मेमरी अपुरी आहे. यंत्रात मेमरी ४ मेगाबाइट आणि खेळाला हवी जेमतेम ६०० किलोबाइट. मग अपुरे पडले ते काय?

उत्तर १९८१ सालच्या आयबीएम पीसीच्या घडणीत आहे. त्यातील इंटेल ८०८८ प्रोसेसरला १ मेगाबाइट, म्हणजे १०२४ किलोबाइट, एवढ्याच मेमरीपर्यंत पोहोचता येत असे. त्यातील वरचा ३८४ किलोबाइटचा भाग पडदा व अन्य उपकरणांसाठी राखून ठेवला गेला आणि प्रोग्रामांच्या वाट्याला ६४० किलोबाइट आले. पुढे यंत्रांची मेमरी वाढली, तरी डॉसवरील बहुतेक प्रोग्राम याच ओसरीत वावरत राहिले. संगणक सुरू होताच या ओसरीत एकेक जण येऊन बसतो : स्वतः डॉस, माउस, सीडी आणि नेटवर्क यांचे ड्रायव्हर, डिस्कचा वेग वाढवणारा स्मार्टड्राइव्ह. त्यांपैकी कित्येकांचे त्या घटकेला काहीच काम नसते. तरीही जागा त्यांनी अडवलेली असते. मेमरी थोडी नसते, ती भरलेली असते.

ही मंडळी कॉन्फिग.सिस आणि ऑटोएक्झेक.बॅट या दोन फायलींच्या आज्ञेने येतात. त्यांतील ओळी खोडल्या की जागा होईल. परंतु एखादी आवश्यक ओळ गेली, तर त्याच संगणकावरचा दुकानाच्या हिशेबाचा प्रोग्राम उघडेनासा होईल. यावर निर्दोष उपाय म्हणजे बूट फ्लॉपी. जुना संगणक सुरू होताना सहसा प्रथम ए ड्राइव्हमध्ये फ्लॉपी आहे का हे पाहतो आणि ती असल्यास तिच्यावरील फायलींप्रमाणे वागतो. हार्ड डिस्कवरील मूळ फायली जशाच्या तशा राहतात.

फ्लॉपी तयार करण्याची कृती अवघड नाही. १.४४ मेगाबाइटची फ्लॉपी ए ड्राइव्हमध्ये घालून ‘फॉरमॅट ए: /एस’ ही आज्ञा, अर्थात रोमन अक्षरांत, द्यावी. फ्लॉपी स्वच्छ होते आणि संगणक सुरू करण्यास लागणाऱ्या डॉसच्या फायली तिच्यावर येतात. येथे प्रमादाला जागा नाही. फ्लॉपीवर आधीचे काही असेल तर ते पुसले जाते. आणि ए ऐवजी सी हे अक्षर पडून पुढचा इशारा न वाचताच होकार दिला गेला, तर हार्ड डिस्कवरील वर्षानुवर्षांचे हिशेब आणि पत्रे हातची जातात.

यानंतर फ्लॉपीवर नवी कॉन्फिग.सिस लिहावी. तीन ओळी पुरतात : ‘डिव्हाइस=सी:\डॉस\हायमेम.सिस’, ‘डॉस=हाय’ आणि ‘फाइल्स=३०’. पहिली ओळ १ मेगाबाइटपलीकडील मेमरीचे दार उघडते. दुसरी डॉसचा बराचसा भाग तिकडे हलवते. ही दुसरी सोय १९९१ च्या एमएस-डॉस ५ पासून मिळू लागली. ऑटोएक्झेक.बॅटमध्ये माउसचा ड्रायव्हर आणि साउंड कार्डाची आवश्यक ओळ, एवढेच ठेवावे. मग संगणक फ्लॉपीवरून पुन्हा सुरू करून ‘मेम’ ही आज्ञा द्यावी. सहसा ६०० किलोबाइटच्या आसपास जागा मोकळी झालेली दिसते.

मात्र एकच फ्लॉपी सर्व खेळांना चालत नाही. १९९० च्या ‘विंग कमांडर’ला काही अधिक चित्रांसाठी ईएमएम३८६ सारख्या प्रोग्रामने पुरवलेली मेमरी लागते, तर १९९२ च्या ‘अल्टिमा ७’चे त्याच ईएमएम३८६ शी मुळीच जमत नाही. एकाची गरज ती दुसऱ्याची अडचण. म्हणून प्रत्येक खेळाची गरज जाणून त्याची फ्लॉपी वेगळी करावी, तिच्यावर नाव लिहावे आणि कोपऱ्यातील खटका सरकवून छिद्र उघडे ठेवावे. मग तिच्यावर चुकूनही काही लिहिले जात नाही.

श्रावकाच्या बारा व्रतांत देशव्रत आहे. त्यालाच देशावकाशिक असेही म्हणतात. दिशांची जी मर्यादा आयुष्यभरासाठी घेतलेली असते, ती या व्रतात ठरावीक काळापुरती आणखी संकुचित केली जाते. श्रावक घरदार टाकत नाही. तेवढ्या वेळेपुरता तो आपला वावर आवरतो. बूट फ्लॉपीची रीतही अशीच आहे. ती हार्ड डिस्कवरील काहीही नष्ट करत नाही. या घटकेला कोणाची गरज आहे, एवढेच ठरवते. फ्लॉपी काढून संगणक पुन्हा सुरू केला की सारे पूर्ववत होते आणि हिशेबाचा प्रोग्रामही उघडतो.

जे यंत्र निकामी म्हणून भंगारात जाणार होते, ते त्या संध्याकाळी मुलांसमोर चालू असते. त्यात नवीन काहीच घातलेले नसते. फक्त विनाकारण बसलेल्यांना थोडा वेळ उठवलेले असते.