ससा ‘सोपा’ प्राणी नाही!

“कुत्रा भुंकतो, मांजर ओरबाडतं, ससा बिचारा गरीब. कोपऱ्यात पिंजरा ठेवला की झालं!” मुलाच्या हट्टापायी ससा आणणारे पालक मला हेच सांगतात. मग काही महिन्यांनी प्रश्न येतो, “डॉक्टर, ससा कालपासून खात नाही. मुलाचं अमॉक्सिसिलिनचं औषध उरलंय, थोडं देऊ का?”

अजिबात देऊ नका! पेनिसिलिन गटातलं औषध तोंडावाटे दिलं, तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, विष तयार करणारे जिवाणू माजतात आणि जुलाब होऊन ससा दगावू शकतो. तुमच्या मुलाला बरं करणारं औषध सशाचा जीव घेऊ शकतं.

मुळात ससा खायचा का थांबला? बहुतेक वेळा उत्तर आपण त्याला काय खायला घालतो, यातच असतं. चित्रातला ससा गाजर खातो, म्हणून आपणही रोज गाजर देतो. जोडीला बिस्किट, पोळी, भात. गाजरात साखर बरीच असते, ते अधूनमधून एखादा तुकडा एवढंच ठीक. सशाचं खरं जेवण म्हणजे गवत. दिवसभर चघळायला भरपूर सुकं गवत, सोबत हराळी, कोथिंबीर, पुदिना यांसारखा थोडा स्वच्छ धुतलेला पाला आणि ताजं पाणी. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात. ते गवत चावूनच झिजतात. आतडी हलती राहतात तीही गवतातल्या तंतूंमुळे. तंतू कमी पडले की आतड्यांची हालचाल मंदावते, पोट फुगतं. सशाला उलटीही करता येत नाही.

ससा दुखणं लपवतो. शिकार होणाऱ्या प्राण्याचा तो स्वभावच आहे. त्यामुळे तो ‘शांत बसलाय’ असं आपल्याला वाटतं, तेव्हा कदाचित तो वेदनेत असतो. १०-१२ तास त्याने काही खाल्लं नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच पशुवैद्याकडे न्या.

उन्हाळ्याचंही तेच. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याखाली किंवा बंद गॅलरीत ठेवलेला ससा उष्माघाताने मरू शकतो. त्याला घरातल्या गार जागी ठेवा. आणि कान धरून कधीही उचलू नका! एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. हवेत लटकून त्याने जोरात लाथा झाडल्या, तर त्याचा कणा मोडू शकतो.

“आमच्या गावी कोण नेत होतं सशाला डॉक्टरकडे?” असंही मला ऐकवलं जातं. खरं आहे, कुणीच नेत नव्हतं. पण ते ससे किती वर्षं जगले, हे कुणी मोजलं का? नीट सांभाळलेला ससा ८ ते १० वर्षं जगतो. आज तिसरीत असलेला तुमचा मुलगा तोवर कॉलेजात जाईल. तेव्हा गवत कोण आणणार, पिंजरा कोण साफ करणार? मुलगा नव्हे, तुम्ही!

म्हणून पैसे देण्याआधी दोन गोष्टींची चौकशी करा: रोज गवत कुठून मिळेल आणि सशावर उपचार करणारा पशुवैद्य जवळपास कोण आहे. ही उत्तरं मिळाली नाहीत, तर ससा आणू नका. मुलाचा हट्ट दोन दिवसांत विरेल. मेलेला ससा मात्र तो विसरणार नाही.