तूर आपली, डाळ कुणाची?



जानेवारीत कळंब-उमरग्याची तूर आडतीवर पडते. बरीचशी लातूरच्या डाळ मिलला जाते आणि पाकिटात बसून आपल्याच गावच्या वाण्याकडे परत येते. क्विंटलला साधारण सत्तर किलो डाळ; चुनी-भुसा पशुखाद्याला, त्याचेही पैसे मिलवाल्याचे. तरी मला व्यापाऱ्यापेक्षा दिल्लीचा राग जास्त.

2015 साली तूरडाळ किलोला 200 रुपयांवर गेली. लगेच साठ्यावर मर्यादा आल्या, 2016 च्या जुलैत मोझांबिकशी आयातीचा करार झाला. भाव पाहून आपण पेरा वाढवला, पाऊसही पडला. 2017 उजाडताना बाजार 5,050 रुपयांच्या आधारभूत किमतीखाली. खरेदी केंद्रांवर रांगा, त्यात बारदाना नाही! एवढी तूर पडून असताना निर्यातबंदी मात्र कायम. 2006 पासूनची ती बंदी तुरीपुरती उठली 2017 च्या सप्टेंबरात. तोवर कुणाच्या घरात तूर उरली होती?

काही मित्र म्हणतात, तालुक्याला मिनी डाळ मिल टाका. जरूर टाकावी. तूर वाळवून ओलावा 12 टक्क्यांखाली आणला, कीड सांभाळली, तर काही महिने सहज राहते. पण भाव चढताच 2023 च्या जूनमध्ये पुन्हा साठामर्यादा आलीच. मिलवाल्याने घ्यायची किती आणि गोदामात ठेवायची कुणाच्या भरवशावर? म्हणून बैठकीत मिलच्या अनुदानाआधी साठामर्यादा आणि निर्यातबंदी कायमची उठवण्याचा ठराव घ्या.